दमट हवेवरचा आळ

पावसाळ्यात उच्च दाबाच्या विजेच्या तारांखालून जाताना एक आवाज येतो. तो ऐकला नाही असा मनुष्य आता खेड्यातही सापडायचा नाही. कढईतले तेल तापले आहे, पण मोहरी अजून तडतडायला लागलेली नाही, अशा वेळचा तो चुरचुराट असतो आणि त्याच्या बुडाशी भुंग्यासारखा एक घुमणारा सूर असतो. मुले माना वर करून पाहतात, आया त्यांचा दंड धरून पावले उचलतात आणि बरोबरचे एखादे जाणते गृहस्थ सांगतात, "हवा दमट आहे ना, म्हणून वीज गळते." हे 'गळते' क्रियापद मोठे बोलके आहे. छपरातून पाणी गळावे तशी तारेतून वीज गळते आणि ओली हवा ही तिची वाट, असे आपण सगळेच धरून चाललेलो आहोत. पाण्यातून वीज वाहते, दमट हवेत पाणी असते, म्हणून दमट हवेतून वीज वाहते. तर्कशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी गुण पडतील. हवेला मात्र ते मान्य नाही.

चिनी मातीच्या बशांवर पाणी उडवायचे, त्यांना विजेचा दाब द्यायचा आणि ठिणगी केव्हा पडते ते वहीत मांडायचे, हा माझा पोटाचा धंदा. त्यात पस्तीस वर्षे गेली. घरी या विद्येचे कोणाला फारसे कौतुक नव्हते. "हे बशा धुतात आणि त्याचा यांना पगार मिळतो," अशी माझी ओळख आमच्या सौभाग्यवती माहेरच्या मंडळींना करून देत. मी त्या वाटेला लागलो तो मामांमुळे, आणि मामांच्या मागे होता एक बांबू.

मामा एका डोंगरी जिल्ह्यात लाइनमन होते. कोणत्या जिल्ह्यात आणि कोणाच्या नोकरीत, ते सांगण्यात आता अर्थ नाही. त्यातली बहुतेक माणसे गेली. रानातून, घाटातून गेलेल्या तारांखालून पायी फिरायचे, कुठे बशी फुटली, कुठे झाड वाढले ते पाहायचे, असे त्यांचे काम. डोक्यावर इरले आणि कान तारेकडे. आवाजावरून त्यांना तारेची प्रकृती कळे. सुटीत मी त्यांच्याकडे जाई तेव्हा ते मला बरोबर नेत आणि मनोऱ्याखाली उभे राहून वैद्याने नाडी धरावी तसे डोळे मिटून ऐकत. "ही माळ बिघडणार," असे म्हणाले की महिन्याभरात ती बिघडलेली असायची.

१९६९ च्या भाद्रपदातली गोष्ट. सकाळी पाऊस थांबला होता, पण डोंगरावर धुके उतरले होते आणि बारीक भुरभुर चालू होती. १,३२,००० व्होल्टच्या लाइनजवळ जांभळीची एक फांदी आली होती, ती ओढून काढायचे काम वरून आले. लाइन बंद करण्याचा हुकूम आला नाही. मामांचा जोडीदार एका खडकावर उभा राहिला. हातात लांब बांबू, टोकाला आंबे काढायला बांधतात तशी लोखंडी आकडी. मामा समोरच्या चढावर, जवळजवळ तारेच्याच उंचीवर होते. त्यामुळे त्यांना तार आणि आकडी बाजूने दिसत होती. आकडी फांदीकडे चालली होती. तारेपासून ती सहा बोटे खाली असताना निळसर पांढरा लोळ उठला आणि बंदुकीसारखा आवाज झाला. जोडीदार खडकावरून खाली आला. जीव वाचला, पण उजवा हात कोपराखाली काढावा लागला. घरी म्हातारी आई, बायको आणि तीन मुले.

मग चौकशी झाली. चालू तारेला काठी, बांबू, दोरी लावू नये, असा एक छापील हुकूम होता आणि त्यावर प्रत्येक कामगाराची सही घेतलेली होती. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा असा होता की, अपघातात मृत्यू आला नसेल आणि सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम कामगाराने जाणूनबुजून मोडला असेल, तर मालक भरपाई द्यायला बांधलेला नाही. (मनुष्य मेला असता तर हा बचाव चालला नसता. जिवंत राहिला म्हणून अडचण!) साहेबांचे म्हणणे सरळ होते: बांबू तारेला लावला, हुकूम मोडला, पैसे मिळणार नाहीत. मामा म्हणाले, "लागला नाही, साहेब. सहा बोटे होती."

"मग वीज काय उडी मारून आली?" साहेबांनी विचारले आणि खोलीतले सगळे हसले.

मामांना ते हसणे लागले. आठ दिवसांनी ते पुण्याला माझ्या खोलीवर आले. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. त्यांच्या हातात पिशवी होती आणि एसटीच्या टपावर तो बांबू. चौकशी संपल्यावर तो कोणी टाकून दिला होता, मामांनी तो उचलून आणला होता. स्वारगेटला कंडक्टरशी त्यांची झालेली हुज्जत हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. "एवढे शिकतोस ना," मला म्हणाले, "तर सांग, वीज उडी मारते की नाही? आणि मारत असेल तर किती बोटे?"

जोडीदाराने एक वकील पाहिला होता. हवा दमट होती, दमट हवेतून वीज वाहते, म्हणून न लागताही ती आली, अशी कैफियत त्यांनी लिहून ठेवली होती. कागद घेऊन मी आमच्या सरांकडे गेलो. सरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "असे लिहिलेत तर खटला हरलात. दमट हवा कंपनीच्या बाजूची साक्षीदार आहे." पुढचा तासभर ते फळ्यावर लिहीत होते. तो तास मला अजून तोंडपाठ आहे.

हवा ही मुळात विजेला अडवणारी वस्तू. पण तिच्यात भटके इलेक्ट्रॉन नेहमीच असतात. आकाशातून येणारे विश्वकिरण आणि जमिनीतली किरणोत्सारी द्रव्ये मिळून आपल्या भोवतीच्या प्रत्येक घन सेंटीमीटर हवेत सेकंदाला सुमारे दहा रेणू फोडत असतात. एरवी सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच कुठेतरी चिकटतो आणि गोष्ट संपते. दाब पुरेसा असेल तर मात्र तो धावत सुटतो, वाटेतल्या रेणूवर आपटून त्यातून दुसरा इलेक्ट्रॉन काढतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. टाउनसेंड या इंग्लंडमधल्या प्राध्यापकांनी १९०० च्या सुमारास हा हिशेब मांडला. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट ज्यांना आठवते त्यांना तो निराळा सांगायला नको. सत्तावीस वेळा दुप्पट केले की एकाचे तेरा कोटींवर होतात. साधारण दहा कोटी इलेक्ट्रॉन एका ठिकाणी जमले की मामला बदलतो. त्या लोंढ्याचा स्वतःचाच विद्युत्भार एवढा होतो की तो आपल्या तोंडाशी आपणच दाब निर्माण करतो. त्याच्या डोक्यातून अतिनील प्रकाश बाहेर पडतो, तो पुढच्या हवेत नवे इलेक्ट्रॉन सोडवतो आणि तिथे नवे लोंढे सुरू होतात. अशी एक उजळ जीभ हवेत सरसर पुढे सरकते, सेकंदाला शेकडो किलोमीटर, कधी हजारोही. तिला स्ट्रीमर म्हणतात. १९४० च्या सुमारास जर्मनीत रेथर यांनी आणि अमेरिकेत लोएब व मीक यांनी तिची कुंडली मांडली. तिची चित्रे मात्र फार आधीची आहेत. १७७७ साली गॉटिंगेनच्या लिख्टेनबर्ग यांनी राळेच्या चकतीवर ठिणगी पाडून वर भुकटी शिंपडली, तेव्हा तिच्यावर फांद्या फुटलेली झाडे उमटली होती.

खटल्याचा सगळा जीव इथे होता. पुस्तकात सापडणारा आकडा असा, की हवा फोडायला सेंटीमीटरमागे ३०,००० व्होल्ट लागतात. १,३२,००० व्होल्टची लाइन म्हणजे तार आणि जमीन यांच्यात सुमारे ७६,००० व्होल्ट; उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या लाटेचा माथा धरला तर १,०८,०००. भागाकार करा: साडेतीन सेंटीमीटरांच्या थोडे वर. म्हणजे दोन बोटे. मामा म्हणतात सहा. कंपनीचा इंजिनिअर कमिशनरपुढे एवढाच भागाकार करून दाखवणार आणि मामा खोटे ठरणार.

पण ३०,००० हा आकडा दोन सपाट, गुळगुळीत पृष्ठभागांमधल्या हवेचा आहे. आकडीचे टोक असले की दाब सगळा टोकाशी गोळा होतो, गोगलगायीसारखा. तिथे ३०,००० सहज गाठले जातात आणि स्ट्रीमर जन्माला येतो. एकदा जन्मला की त्याला पुढे चालायला सेंटीमीटरमागे ५,००० व्होल्टच पुरतात, कारण तो आपला दाब आपल्या डोक्यावर घेऊन चाललेला असतो. सुरुवात अवघड आणि पुढचे सोपे, हे संसारात क्वचित घडते. ठिणगीत नेहमी घडते. सहा बोटे म्हणजे अकराएक सेंटीमीटर. तेवढ्या अंतरात १,०८,००० व्होल्ट विभागले तर सेंटीमीटरमागे दहा हजारांच्या आसपास येतात. जन्माची सोय टोकाशी, चालायला लागते त्याच्या दुप्पट जवळ. स्ट्रीमर पलीकडे पोचला की त्याच्या वाटेवरची हवा तापते आणि मागून खरा लोळ येतो.

यात दमटपणाचे काम काय? अडथळ्याचे. पाण्याची वाफ म्हणजे सुटे सुटे रेणू. ती दिसत नाही आणि तिच्यातून वीज वाहत नाही. दमट हवेत सुटे इलेक्ट्रॉन अधिक लवकर अडकतात, आणि अडकलेला इलेक्ट्रॉन लोंढ्यातून बाद होतो. शिवाय स्ट्रीमरच्या डोक्यातला अतिनील प्रकाशही ती वाफ काही अंशी पिऊन टाकते. म्हणून ओलसर हवेतला स्ट्रीमर जड पावलांनी चालतो. आम्ही धंदेवाईक लोक ठिणगीचा दाब मोजताना हवेच्या घनमीटरमागे ११ ग्रॅम वाफ हे माप प्रमाण धरतो आणि त्याहून जास्त वाफ असेल तर ग्रॅमामागे साधारण एक टक्क्याची सूट देतो. श्रावणात मुंबईच्या हवेत वीस-बावीस ग्रॅम वाफ असते. म्हणजे नुसत्या हवेपुरते बोलायचे तर, श्रावणातली मुंबई जानेवारीतल्या पुण्यापेक्षा विजेला जास्त अडवते! हे मी पुष्कळ घरी चहाच्या वेळी सांगून पाहिले आहे. मंडळी चहा संपवतात आणि विषय बदलतात.

"मग गुन्हेगार कोण?" मी विचारले. सरांनी कोपऱ्यात उभ्या केलेल्या बांबूकडे बोट दाखवले.

वाफ निराळी आणि पाणी निराळे. वाफ थंड वस्तूवर बसली, धुके तिच्यावर टेकले की पाण्याचा पातळ थर होतो. त्या थरात धूळ, मीठ, घामाचे क्षार विरघळतात आणि तो वीज वाहून नेऊ लागतो. कोरडा बांबू हातात धरला तर त्याचे वरचे टोक जमिनीपासून तुटलेलेच राहते. हाच बांबू भिजला की जमीन जणू त्याच्या अंगावरून चढत चढत टोकापर्यंत जाते. मामांच्या जोडीदाराने काठी वर केली नव्हती, जमीनच उचलून तारेपासून सहा बोटांवर नेली होती. हवेने तिच्या परीने अडवले. सहा बोटे तिला पुरली नाहीत.

आमच्या कॉलेजात एक लाख व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर होता. सरांनी प्राचार्यांची परवानगी घेतली, कंपनीला पत्र घालून त्यांचा एक इंजिनिअर बोलावला आणि तोच बांबू जाळीच्या आत बसवला. तळाला जमिनीची तार, टोकाला तीच आकडी, वर सहा बोटांवर आडवी तार. बांबू आठ दिवस भट्टीजवळ वाळवलेला होता. ७६,००० पर्यंत दाब नेला. आकडीपाशी अंधारात जांभळा फुलोरा दिसला, चुरचुर झाली, ओझोनचा वास सुटला. बाकी काही नाही. मग दाब उतरवून बांबूवर रात्रभर ओली पोती गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाब चढवायला घेतला. काटा ७६,००० वर पोचलाच नाही. त्याच्या आतच लोळ पडला आणि बांबूच्या अंगावर वरून खाली काळी, फांद्या फुटलेली रेघ उमटली. अपघाताच्या दिवशीची तशीच रेघ शेजारी होतीच. मामा जाळीबाहेर उभे होते. त्यांनी मान वळवली आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

कंपनीचा तो इंजिनिअर सज्जन माणूस होता. त्याने सहा बोटे स्वतः मोजपट्टीने मोजली आणि कागदावर सही केली. कमिशनरपुढे वकिलांनी दमट हवेचे नाव काढले नाही. प्रश्न एकच ठेवला: बांबू भिजला कसा? तर बांबू कंपनीच्या गोदामातले, आणि त्या गोदामाला जूनपासून छप्पर नव्हते. हुकूम तारेला बांबू लावण्याविरुद्ध होता. ओला बांबू हातात देण्याविरुद्ध कोणताही हुकूम नव्हता. पावणेदोन वर्षांनी भरपाई मिळाली. मामांना मात्र त्याच वर्षी घाटावरून काढून एका कार्यालयात टपाल नोंदवायला बसवले. तिथे कुठलीही तार ऐकू येत नव्हती.

पुढे मी त्याच विषयात पडलो आणि हवा व पाणी यांचा हा तंटा मला रोज पाहायला मिळाला. मनोऱ्यावरची चिनी मातीच्या बशांची माळ तुम्ही पाहिली असेल. मुसळधार पावसाची तिला फारशी भीती नसते; पाऊस तिला धुऊन काढतो. भीती असते ती भुरभुरीची, दवाची, धुक्याची. उन्हाळाभर बशांवर धूळ बसते, किनाऱ्याकडे खारे वारे मीठ आणून टाकतात आणि पहिला ओलावा येतो तो हे सगळे भिजवण्यापुरता, धुण्यापुरता नव्हे. मग बशीवरून वीज सरपटू लागते. तिच्या उष्णतेने काही पट्टे सुकतात, सगळा दाब त्या सुक्या पट्ट्यांवर येतो, पट्ट्यावरून छोटी ठिणगी उडी मारते. अशा ठिणग्या लांबत लांबत एकमेकींना भेटल्या की माळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळ. मामा ऐकायचे ते हेच. चुरचुरीचा दुसरा उगम म्हणजे तारेला लोंबणारे थेंब: दाबाने थेंब ओढला जाऊन सुईसारखा टोकदार होतो (त्याचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये सोडवले) आणि त्या टोकाशी हवा फुटते. भुंग्याचा सूर निघतो तो विजेच्या सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या दुपटीने. उत्तर हिंदुस्थानात पौषातल्या धुक्याने लाइनी बंद पडतात त्याचेही कारण या बशाच. आता तिकडे हेलिकॉप्टरमधून पाण्याचा फवारा मारून माळा धुतात, आणि पुष्कळ ठिकाणी चिनी मातीऐवजी सिलिकोन रबराच्या माळा लावतात. अळवाच्या पानावर राहावे तसे त्यांच्यावर पाणी थेंबाथेंबाने सुटे राहते, त्याचा थर होत नाही. तो शोध लागला तेव्हा "म्हणजे आता बशा धुवायला नकोत?" असे घरात मोठ्या आशेने विचारले गेले होते.

घरचे म्हणाल तर आपल्या २३० व्होल्टला हवेतून उडी मारता येत नाही. पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलेल्या नियमाने हवा फोडायला, अंतर कितीही कमी करा, ३३० च्या आसपास व्होल्ट लागतातच, आणि २३० च्या लाटेचा माथा आहे ३२५. काठावर पास! बटण बंद करताना दिसते ती ठिणगी निराळी. वाहती वीज तोडताना ती ओढली जाते. तेव्हा पावसाळ्यात दमट हवेला घाबरून रेडिओ बंद करणाऱ्यांनी तो खुशाल लावावा. पण ओल आलेल्या भिंतीवरच्या बटणाला, ओल्या हाताने धरलेल्या इस्त्रीला आणि गच्चीवरून तारांशेजारी फिरवल्या जाणाऱ्या ओल्या काठीला मात्र सहा हात दूर ठेवावे.

मामांच्या जोडीदाराने भरपाईच्या पैशांतून पिठाची गिरणी घातली, विजेच्या मोटारीची. मी एकदा गेलो होतो तेव्हा डाव्या हाताने पट्टा चढवून ते दळण दळत होते. भिंतीवरच्या स्विचला त्यांनी सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली होती आणि पेटीवर कोरडे फडके टांगले होते. दळणाला आलेल्या बायकांना स्विचकडे फिरकू देत नसत. बाहेर भुरभुर सुरू झाली की गिरणी बंद. पाऊस चांगला कोसळू लागला, की पुन्हा चालू करीत.